मागे गड, डावीकडे वहाळ

मृग लागला की लालबागहून आत्याचा फोन येतो. ‘पडतोय का रं?’ एवढंच विचारते. मी पाचाडच्या घराच्या ओटीवर उभा असतो, समोर पागोळ्यांचा पडदा असतो, आणि मी हात लांब करून फोन पावसात धरतो. पलीकडून ती म्हणते, ‘काही ऐकू येत नाही.’ तिचे कान अजून शाबूत आहेत. फोनच माणसाचा आवाज तेवढा उचलतो आणि आजूबाजूचा सगळा गोंगाट गाळून टाकतो. त्याच्या हिशेबी पाऊस म्हणजे गोंगाट. जे ऐकण्यासाठी आत्या फोन करते, नेमकं तेच वाटेत गाळलं जातं.

ही पुस्तिका त्या फोनमुळे लिहून झाली. चहूबाजूंनी येणारा आवाज, ज्याला बाजारात सराउंड साउंड म्हणतात, तो स्वतः ध्वनिमुद्रित करून तबकडीवर कसा उतरवायचा आणि घरातल्या साध्या होम थिएटरवर कसा ऐकायचा, एवढाच तिचा विषय आहे. पण हा विषय माझ्यापर्यंत कसा आला ते आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढच्या पानांवरचे तांत्रिक आग्रह त्यातूनच आलेले आहेत.

आत्याचे गुडघे गेले आणि पाचाडला येणं थांबलं. तिच्या खोलीत मुलानं पूर्वी हौसेनं घेतलेलं होम थिएटर होतं: पाच छोटे स्पीकर, एक वूफर आणि मध्ये डिव्हीडी प्लेअर. टीव्हीशेजारी दोन, टीव्हीखाली एक, आणि मागच्या भिंतीवर, देव्हाऱ्याच्या दोन्ही अंगांना दोन. सिनेमे मोबाइलवर गेल्यापासून ते सगळं धूळ खात पडलं होतं. आत्याला मोबाइलमधली यादी उघडून फाइल शोधणं जमत नाही. पण ट्रे बाहेर येतो, तबकडी ठेवायची, ट्रे आत जातो, हे तिचे हात न बघता करतात. म्हणून मी ठरवलं, पाऊस द्यायचा तर तबकडीवरच द्यायचा.

पहिली डिस्क घेऊन गेलो तो दिवस विसरणार नाही. ओटीवर पाच माइक लावून पाऊण तास ध्वनिमुद्रण केलं होतं. आमच्या घराचं तोंड पश्चिमेला, रस्त्याकडे. गड पूर्वेला, म्हणजे पाठीशी. रस्त्याकडे तोंड करून बसलं की मागे उजव्या हाताला कडा येतो आणि मागे डाव्या हाताला वहाळ. आत्यानं डिस्क लावली, डोळे मिटले, आणि दोनच मिनिटांत म्हणाली, ‘वहाळ उजव्या अंगाला कसा गेला रं? आणि गड कुठं गेला?’

मी आधी वायरी तपासल्या. वायरी बरोबर होत्या. मग रात्री लॅपटॉप उघडून बसलो तेव्हा उलगडा झाला. सहा चॅनेलच्या साध्या वेव्ह फाइलमध्ये क्रम असा असतो: डावा, उजवा, मधला, वूफरचा, मागचा डावा, मागचा उजवा. सिनेमाच्या आवाजाची परंपरा वेगळी: डावा, मधला, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा आणि वूफर शेवटी. मी पहिल्या क्रमानं फाइल बनवली होती आणि डिस्कसाठी आवाज दाबणाऱ्या प्रोग्रामनं ती दुसऱ्या क्रमानं वाचली. त्यामुळे मागच्या डाव्या स्पीकरला वूफरचा चॅनेल गेला, तो रिकामाच होता. वहाळ मागच्या उजव्या स्पीकरमधून वाहू लागला. आणि गड गेला वूफरमध्ये. वूफर फक्त खालचे घुमारे वाजवतो, त्यामुळे कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचा जो बारीक, सतत फुटणारा आवाज असतो, तो नाहीसाच झाला. पुढचा उजवा आणि मधला यांचीही अदलाबदल झाली होती, ती मात्र मला काय, तिलाही कळली नव्हती. आत्याला डेसिबल ठाऊक नाही, पण पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या घराचा नकाशा तिच्या कानात होता आणि त्या नकाशावर माझी फाइल चुकली होती. या पुस्तिकेत चॅनेलच्या क्रमावर सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत, ती यासाठी. प्रत्येक स्पीकरमधून आपल्याच आवाजात ‘पुढचा डावा’, ‘मागचा उजवा’ असं बोलून एक चाचणी डिस्क आधी बनवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते वगळू नका.

पाचाड हे नाव बहुतेकांना रायगडाच्या पायथ्याचं गाव म्हणून माहीत असतं. महाडहून पंचवीसेक किलोमीटर आत, जिजाऊंचा वाडा आणि समाधी असलेलं. गडावरचा वारा आणि थंडी मानवेना म्हणून शिवाजी महाराजांनी आईसाहेबांसाठी इथे वाडा बांधला, असं सांगतात. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, आणि अकराच दिवसांनी, १७ जूनला, आईसाहेबांनी इथेच डोळे मिटले. ऐन पावसाच्या तोंडाला. गडावर माइक लावायला गेलो की मला त्या वाऱ्याची आठवण होते. तिथे वारा माइकच्या तोंडावर इतका आदळतो की झुबकेदार केसांची टोपी घालूनही ध्वनिमुद्रणात धडधड सोडून काही उरत नाही. आईसाहेबांसारखाच माझा माइकही खाली पाचाडला आला, आणि खाली आल्यावर सगळं ऐकू येऊ लागलं.

पाचाडचा पाऊस ऐकायला पाच स्पीकर का लागतात ते इथे थोडं थांबून सांगतो. सर समुद्राकडून येते. आधी रस्त्यापलीकडच्या झाडांवर तिचा आवाज लागतो, समोरून, लांबून, कुणी धान्य पाखडत यावं तसा. मग खळ्यातल्या केळीच्या पानांवर. मग कौलांवर, आणि शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर, तेव्हा आपण आवाजाच्या आत असतो. मग ती डोक्यावरून मागे जाते आणि गडाला जाऊन भिडते. पुढची झाडं निथळायला लागली तरी मागे अजून गर्जना चालूच असते. आणि सर ओसरल्यावर कड्याच्या खोबणींतून पाणी सुटतं, तो आवाज सगळ्यात उशिरा सुरू होतो आणि सगळ्यात जास्त वेळ टिकतो. पुढून मागे जाणारी ही वाट दोन स्पीकरांत मावत नाही. दोन स्पीकर डावं-उजवं दाखवतील, पण पाठीशी गड असल्याची जाणीव त्यांतून येत नाही.

आवाजाला जागा असते, हे रायगडानं कधीच दाखवून ठेवलं आहे. राजसभेत सिंहासनाची जागा आणि समोरचा नगारखाना यांत दोनशे फुटांच्या आसपास अंतर आहे. नगारखान्याच्या दाराशी कुणी कागद चुरगाळला किंवा काडी ओढली तरी सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी ऐकू येतं. गडावर येणारी शाळेची मुलं हा प्रयोग करून बघतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासारखं असतं. हिरोजी इंदुलकरांनी गड बांधला तेव्हा ना वायर होती ना स्पीकर. पण कुठे उभं राहिलं की काय ऐकू यावं, याचा विचार त्या दगडांत आहे. घरातल्या खोलीत पाच स्पीकर मांडताना आपण लहान प्रमाणात तेच करत असतो. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, ऐकणाऱ्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून पुढचे दोन स्पीकर ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांच्या मध्ये, आणि सगळे ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर. दहा बाय बाराच्या खोलीत हे जुळत नाही. मग काय करायचं, तेही पुस्तिकेत आहे. थोडक्यात, अंतर जुळलं नाही तरी कोन सोडू नका.

आता तबकडीकडे येतो. सोनी आणि फिलिप्स यांची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, चॅनेल दोन, ७४ मिनिटं. तिसऱ्या चॅनेलला तिच्यात जागाच नव्हती. पण दोन चॅनेलच्या त्या साच्यात डीटीएस या पद्धतीनं दाबलेले सहा चॅनेल गुपचूप बसवण्याची युक्ती लोकांनी काढली. प्लेअरला वाटतं आपण साधं गाणं वाजवतोय. तो आकडे जसेच्या तसे डिजिटल वायरीतून पुढे पाठवतो आणि पलीकडचा डीटीएस ओळखणारा अँप्लिफायर त्यांतून सहा चॅनेल उलगडतो. मोठ्या पडद्यावरही त्या काळी असाच प्रकार होता. १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’ आला तेव्हा डीटीएसच्या चित्रपटगृहांत डिजिटल आवाज फिल्मवर नव्हता, शेजारच्या यंत्रात फिरणाऱ्या तबकडीवर होता. फिल्मच्या कडेला त्याच्यासाठी फक्त वेळेच्या खुणा होत्या.

या युक्तीची एक अट आहे आणि ती मी स्वतः मोडून शिकलो. डीटीएसची फाइल दिसायला वेव्हच असते. मी ती संगणकावर उघडली, आवाज थोडा मोठा वाटला म्हणून जरासा कमी केला आणि पुन्हा साठवली. डिस्क मारली, लावली, आणि पाचाडच्या पावसाऐवजी फुटक्या नळासारखी नुसती फसफस. आवाज कमी करताना प्रत्येक आकडा बदलला होता, आणि डीटीएसला आकडे बदललेले चालत नाहीत. पत्रावरची अक्षरं थोडी थोडी लहान केली तर पत्र वाचता येतं. कुलपाच्या किल्लीचे दाते थोडे थोडे घासले तर कुलूप उघडत नाही. ही फाइल किल्ली आहे. तिचा आवाज वाढवू नका, कमी करू नका, नमुने बदलू नका, एमपीथ्री तर मुळीच करू नका. आणि ती डिस्क साध्या सीडी प्लेअरमध्ये घालून जोरात लावू नका, कारण ती फसफस पूर्ण जोरानं येते आणि स्पीकर फाटू शकतो.

बहुतेक घरांसाठी मी डिव्हीडीच सुचवतो. ४.७ जीबी जागा, आणि जवळपास प्रत्येक होम थिएटरला समजणारी डॉल्बी डिजिटल पद्धत. तिच्या पेटंटची मुदत २०१७ मध्ये संपली, त्यामुळे एफएफएमपेगसारख्या फुकट साधनांनी ती बिनधास्त वापरता येते. डिव्हीडी-व्हिडिओला चित्र लागतं, म्हणून घराचा एक फोटो घ्या आणि तोच पाऊण तास पडद्यावर ठेवा. दुसरी वाट डिव्हीडी-ऑडिओची. सिनेमाची डिव्हीडी संगणकात उघडली की बहुतेक वेळा ‘ऑडिओ_टीएस’ नावाचा एक रिकामा फोल्डर दिसतो. तो या पद्धतीसाठी राखलेला आहे. ९६ हजार नमुने, २४ बिट, सहा चॅनेल, काही न गमावता, एवढी तिची ताकद. पण ते वाचणारे प्लेअर आपल्याकडे फार थोड्या घरांत पोचले, आणि तो फोल्डर रिकामाच राहिला. ज्यांच्याकडे असा प्लेअर आहे त्यांनी पुस्तिकेतलं डिव्हीडी-ऑडिओचं प्रकरण आधी वाचावं. मला त्यांचा हेवा वाटतो.

पावसाच्या बाबतीत एक अडचण कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. आवाज दाबणारी प्रत्येक पद्धत पुनरावृत्ती शोधते: स्वर, ताल, ठरावीक कंप. गाण्यात ते सापडतं, बोलण्यात सापडतं. पावसात सापडत नाही. हजारो थेंब, प्रत्येक वेगळा, कुठलाच दुसऱ्यासारखा नाही. सहा चॅनेल, २४ बिट, ४८ हजार नमुने म्हणजे सेकंदाला ६९ लाखांहून जास्त बिट. डिव्हीडीवरच्या डॉल्बीला त्यातले जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार मिळतात. पंधरा पोत्यांचं धान्य एका पोत्यात भरायचं. गाणं त्यात बऱ्यापैकी बसतं. पाऊस मात्र लगेच पाण्याखाली बुडाल्यासारखा, गुळगुळीत होतो, आणि पागोळीचा थेंब दगडावर पडून जो ‘टप्प’ होतो त्याची धार जाते. म्हणून पावसाला डीटीएस द्या, तोही त्याच्या वरच्या वेगाचा, सेकंदाला १५ लाखांहून थोडा जास्त बिटांचा. किंवा १६ बिटांवर उतरून मुळीच न दाबता भरा. सेकंदाला ४६ लाख बिट होतात, डिव्हीडीच्या मर्यादेत बसतात. मात्र मग प्लेअरला सहा वेगळ्या वायरी किंवा एचडीएमआय हवी, कारण ऑप्टिकल वायरीतून न दाबलेले दोनच चॅनेल जातात. शीळकरी कस्तुराची शीळ, रातकिडे, भजन, आरती यांना डॉल्बी पुरते. श्रावणात पहाटे कस्तुर वहाळाच्या काठी बसून माणसासारखी शीळ घालतो. ती डॉल्बीतही इतकी नितळ येते की आत्याच्या नातवानं खिडकीबाहेर बघितलं होतं.

डॉल्बी वापरताना दोन गोष्टी विसरू नका. एक, ‘डायलॉग नॉर्मलायझेशन’ नावाचा आकडा उणे ३१ वर ठेवा, नाहीतर प्लेअर सगळा आवाज खाली ओढतो. तिथेच असलेलं आवाज दाबण्याचं कलमही बंद करा, नाहीतर वीज कडाडली की प्लेअर घाबरून हळू होतो. दोन, वूफरचा स्वतंत्र चॅनेल रिकामा सोडा. ढगांचा गडगडाट आणि राज्याभिषेकाच्या दिवशी गडावर चाललेल्या ढोलांचा ठेका, दोन्ही बाकीच्या पाच चॅनेलमध्ये असतोच. होम थिएटर त्यातला खालचा घुमारा आपणहून वूफरकडे पाठवतं.

डिस्क ‘मारणे’, ‘राइट करणे’, ‘बर्न करणे’ असे शब्द आपण वापरतो. त्यातला बर्न हा शब्द खरा आहे. कोऱ्या डिस्कच्या पोटात रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेसर तो ठिकठिकाणी तापवून काळवंडवतो. म्हणजे जे लिहिलं जातं ते रंगावर लिहिलं जातं, आणि रंगाचे शत्रू ऊन आणि ओल. कोकणात ओलीला तोटा नाही. महाड पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आषाढात कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये बुरशीनं सीडीचा थर खाऊन टाकल्याचं २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे, ते वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. चांगल्या कंपनीची कोरी डिस्क घ्या, हळू वेगानं मारा, मारून झाल्यावर तपासणीचा पर्याय चालू ठेवा, फायनलाइज केल्याशिवाय बाहेर काढू नका. वर कागदी लेबल चिकटवू नका. पाण्याच्या शाईच्या पेनानं मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. आणि पावसाळ्यात हे काम लॅपटॉपच्या बॅटरीवरच करा. आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि अर्धवट मारलेली डिस्क परत जोडता येत नाही.

प्रती दोन करा आणि दोन गावांत ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या घराघरांतले लग्नाचे अल्बम, कॅसेटी, डिस्क चिखलात गेल्या. लोक त्या नळाखाली धरून धुवत होते. त्याच दिवशी तळियेची वाडी डोंगराखाली गेली. त्या वाडीतल्या सकाळचा आवाज आता तिथल्या वाचलेल्या माणसांच्या कानात असेल तेवढाच.

तबकडीचे दिवस सरत आलेत, हे मला दिसतं. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, बाहेरून जोडावा लागतो. सोनीनं २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. महाड-पोलादपूरकडे आता डिस्क मारून देणारे उरलेत ते मुख्यतः लग्नाचं शूटिंग करणारे. तरी ही पुस्तिका आत्ताच लिहावीशी वाटली, कारण मुंबईत, पुण्यात, सुरतेत आत्यासारख्या किती तरी जणी आहेत, त्यांच्या खोलीत पाच स्पीकर अजून भिंतीवर आहेत आणि त्यांना ट्रे उघडता येतो. गाणी आणि सिनेमे चहूबाजूंच्या आवाजात आता मोबाइल कंपन्याही देतात. आपल्या परसातला आवाज आपल्यालाच द्यावा लागेल.

दुरुस्त केलेली डिस्क मी गणपतीत नेऊन दिली. त्या वेळी घाईत होतो, ती लावून ऐकवली आणि निघालो. दिवाळीला गेलो तर आत्याची खुर्ची फिरवलेली होती. टीव्हीकडे पाठ, मागच्या दोन स्पीकरांकडे तोंड. मी म्हटलं, ‘आत्ये, अशी उलटी का बसलीस? सगळं पुढचं मागं होतं.’

‘उलटी कशाची?’ ती म्हणाली. ‘ओटीवर बापये बसायचे. मी मागच्या पडवीत. भांडी घासताना समोर गड असायचा माझ्या.’

मी ज्या ओटीवर पाच माइक लावले होते, तिथे ती तिच्या लहानपणी कधी बसलीच नव्हती. गेल्या जुलैत मी माइक उचलून मागच्या पडवीत नेले आणि पहिला माइक गडाकडे तोंड करून लावला. तिथून वहाळ उजव्या हाताला येतो आणि न्हाणीच्या पन्हळीचं पाणी अगदी कानाशी पडतं. ओटीवर ते ऐकूच येत नव्हतं. पुस्तिकेचं पहिलं प्रकरण म्हणून माइकवर नाही, डिस्कवरही नाही. ज्याच्यासाठी डिस्क करायची आहे त्याला आधी काय विचारायचं, ते त्यात आहे: तुम्ही घरात कुठे बसायचात, आणि तोंड कुणीकडे असायचं?